मदत हवी आहे: पदमसींच्या ‘लव्हर्स’वर स्वतंत्र लेख व्हावा का?

मंडळी, नमस्कार. मालवणात आम्ही काहीजण मराठी विकिपीडियासाठी चित्रकलेवर लिहितो. सध्या अडलंय चित्रकार अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ या चित्रापाशी. १९५४ साली मुंबईत जहांगीर कलादालनातल्या प्रदर्शनात पोलिसांनी ते उतरवायला सांगितलं, पदमसींनी साफ नकार दिला, अश्लीलतेचा खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

एका सोबत्याच्या मते हे सगळं चित्रकाराच्या लेखातच दोन ओळींत मावतं. मला अजिबात पटत नाही. पण नुसत्या खटल्यावर लेख टिकणार नाही, चित्राबद्दलही कुणीतरी लिहिलेलं हवं. त्या काळची मराठी वर्तमानपत्रं, कलासमीक्षा कुठे चाळता येतील? रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या वाचनालयात फायली असतील तर कृपया कळवा, मी स्वतः येऊन बघेन.