मदत हवी: लोडरच्या पंपाचा सील दोनदा बदलला, तरी गळतंय

खडीवाला
हायड्रॉलिक पंप गळतोय. सील बदलला, परत गळला. दुसरा टाकला, तोही गेला. सील ओरिजिनल आहे, त्यामुळे 'चांगल्या कंपनीचा टाका' हे सांगू नका. मशीन उभं आहे, काम अडलंय. कोणाला आला असेल असा अनुभव तर पटकन सांगा.

ग्रीसगन
कुठला लोडर? कुठला पंप? कुठला सील? थेंब थेंब की धार? चालू असताना की बंद असताना? तेल कुठलं? एवढं लिहा, मग बोलू. हे ज्योतिष नाही.

अर्धा_इंची
बाटलीत लिकेज थांबवायचं औषध मिळतं. टाकीत ओता, रबर फुगतं, गळती बंद. माझ्या गाडीच्या पॉवर स्टीअरिंगला टाकलं होतं, अजून एक थेंब नाही.

ग्रीसगन
@अर्धा_इंची, ते औषध नेमका गळका सील शोधून फुगवत नाही. व्हॉल्व्हमधल्या, सिलिंडरमधल्या सगळ्या रबराला फुगवतं. पॉवर स्टीअरिंगमध्ये चाललं असेल. लोडरमध्ये पुढच्या वर्षी दहा ठिकाणी मऊ पडलेले सील काढत बसावं लागेल.

खडीवाला
पंप म्हणजे पंप. कॅब उचलली की दिसतो तो. स्किड स्टीअर आहे, बॉबकॅट टाइप. कंपनी लिहीत नाही, नाहीतर इथे लगेच 'ती कंपनी घ्यायलाच नको होती' सुरू होतं. इंजिन आणि पंप जोडले आहेत त्या घंटेसारख्या हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल येतं. चालू असताना येतं, बंद केल्यावर थोड्या वेळाने थांबतं. पहिला सील चार दिवस टिकला, दुसरा पाच तास.

किस्सेबहाद्दर
बॉबकॅट टाइप! म्हणजे झेरॉक्स टाइप. बॉबकॅट हे एका कंपनीच्या मशीनचं नाव, प्रकाराचं नाव स्किड स्टीअर. मिनेसोटातल्या सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ मध्ये टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याचा गोठा साफ करायला तीन चाकी लोडर बनवला. चौथं चाक आलं १९६० च्या एम-४०० मॉडेलला आणि बॉबकॅट हे नाव १९६२ मध्ये. चाकं वळत नाहीत, एका बाजूची चाकं जोरात फिरवून मशीन घसरवत वळवायचं, म्हणून स्किड.

खडीवाला
धन्यवाद. तेल थांबलं का याने?

ग्रीसगन
घंटेसारखं हाउसिंग म्हणजे बेल हाउसिंग. आता जरा चित्र दिसायला लागलं. नव्या लोकांसाठी सांगतो. या मशीनमध्ये बहुतेक वेळा पंपांची माळ असते. दोन पिस्टन पंप, एक डाव्या चाकांचा आणि एक उजव्या, आणि त्यांच्या पाठीला गिअर पंप, हात आणि बकेट हलवायला. सगळे एका ओळीत. गिअर पंपाच्या जोडावरून ओघळलेलं तेलही हाउसिंगपर्यंत येऊ शकतं. त्यामुळे आधी हे सांगा:

हायड्रॉलिकचंच तेल आहे हे कशावरून? त्याच हाउसिंगमध्ये इंजिनाचा मागचा मेन सीलही असतो. तो गळला तरी थेंब त्याच भोकातून.

खडीवाला
हायड्रॉलिक टाकीची लेव्हल खाली जाते. इंजिनाची डिपस्टिक जागच्या जागी आहे. बाहेरून सगळे होज हात फिरवून बघितले, कोरडे आहेत. म्हणजे सीलच.

तेलकट_बोटं
शाफ्ट बघितला का? नवा सील पाच तासांत जातो म्हणजे शाफ्टवर खाच आहे. जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेने, वर्षानुवर्षं घासून बारीक वर्तुळ पाडलेलं असतं. नख आडवं फिरवा. नख अडकलं की समजा तिथे नवा सील टिकणार नाही. उपाय सोपा: पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, ती शाफ्टवर चढवा, ओठ नव्या पृष्ठभागावर बसतो. मी अशा कितीतरी चढवल्या आहेत. स्लीव्ह टाका आणि विसरा.

ग्रीसगन
@खडीवाला, 'होज हात फिरवून बघितले' हे वाचून मी खुर्चीतून उठलो. इंजिन चालू होतं का तेव्हा?

खडीवाला
चालू असतानाच कळणार ना कुठून येतंय ते.

ग्रीसगन
परत कधीही नाही. हात आणि बकेटच्या लाइनमध्ये साधारण २०० बार दाब असतो. होजला सुईएवढं भोक असेल तर धार डोळ्यांना दिसतही नाही, आणि ती कातडीतून सरळ आत जाते. हातमोज्याने अडत नाही. बाहेर मुंगी चावल्याएवढी खूण, आत बोटभर तेल. पहिला तासभर फारसं दुखतही नाही म्हणून माणूस घरी जातो. ही तातडीच्या ऑपरेशनची केस आहे, उशीर झाला तर बोट किंवा हात जातो. असं झालं तर दुखो न दुखो, थेट दवाखान्यात जायचं आणि 'दाबाचं तेल आत गेलंय' हे शब्द वापरून सांगायचं.

गळती शोधायची तर लांब काठीला पुठ्ठा लावून फिरवा. डाग पडला की जागा सापडली. आणि कॅब उचलून काम करताना लोडरचे हात वर असतील तर सपोर्टचा लॉक लावला होता ना?

खडीवाला
लाकडाचा ठोकळा लावला होता.

ग्रीसगन
यावर मी काही लिहीत नाही. लॉक शोधा, मशीनलाच लटकवलेला असतो. लावा, मग बोलू.

जुना_पान्हा
स्लीव्हबिव्ह सगळी मलमपट्टी आहे. शाफ्ट धरून वर-खाली हलवा. हलतोय का? हलत असेल तर बेअरिंग गेलं, आणि डुगडुगत्या शाफ्टवर जगातला कुठलाही सील टिकत नाही. या पंपांचं एक वय असतं. माळ खाली उतरवा, पूर्ण ओव्हरहॉल करा नाहीतर बदला. उगाच तीन तीन वेळा कॅब उचलायची.

तेलकट_बोटं
@जुना_पान्हा, तुमचं सगळ्या धाग्यांवर एकच उत्तर असतं. परवा कोणाच्या स्टार्टरला पण 'पूर्ण बदला' सांगितलंत. माणूस सीलबद्दल विचारतोय.

जुना_पान्हा
आणि त्याचा स्टार्टर शेवटी बदलावाच लागला. जाऊन बघा तो धागा.

शिकाऊ
माझा एक प्रश्न आहे. माझा बाटली जॅक पूर्ण वर जात नाही, अर्ध्यात थांबतो. हाही हायड्रॉलिकच आहे म्हणून इथे विचारतोय.

अर्धा_इंची
@शिकाऊ तेल कमी असेल. दट्ट्या पूर्ण खाली करा, बाजूचं रबरी बूच काढा, भोकापर्यंत भरा. ब्रेक ऑइल घालू नका, सीलची वाट लागते.
@खडीवाला, एक करून बघा. पंपाच्या सगळ्या फिटिंगना टेफ्लॉन टेप मारा.

रबरी_नळी
नका मारू! पंपाच्या पोर्टला सरळ आटे असतात आणि बंद होतं ते ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर. टेपने तिथे काहीही अडत नाही, उलट तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. टेप निमुळत्या आट्यांना.

होज दाबायच्या मशीनवर माझी बरीच वर्षं गेलीत, म्हणून एक साधा प्रश्न. पहिला सील गळायच्या आधी मशीनवर काय काम झालं होतं?

खडीवाला
शाफ्ट बघितला. नखाला खाच लागत नाही. हलतही नाही. हलतो म्हणजे किती हलला तर हलतो म्हणायचं? मला तरी काही जाणवलं नाही.

आधी काही काम झालेलं नाही.

रबरी_नळी
काहीच नाही? फिल्टर, होज, कूलर, काहीच?

खडीवाला
एक होज बदलला होता, पण त्याचा काही संबंध नाही. दाबाचा होज नव्हता, पंपातून टाकीकडे जाणारा साधा परतीचा. जुना कडक होऊन चिरला होता.

ग्रीसगन
आता बोललात! दोन दिवस झाले धाग्याला.

रबरी_नळी
पंपाच्या बॉडीतून टाकीकडे? तो केस ड्रेन. पिस्टन पंपाच्या पोटात आतल्या फटींमधून तेल सतत झिरपत असतं, ते बाहेर काढणारी ही वाट. शाफ्टचा सील याच पोटातलं तेल अडवून धरतो. त्याच्यावर २०० बार कधीच नसतात, हा थोडासा पोटातला दाब असतो. बऱ्याच पिस्टन पंपांना तेल गरम झाल्यावर सतत ३ बारच्या आतच चालतं. वाट अडली की दाब वाढतो, सीलचा ओठ शाफ्टवर दाबला जातो, तापतो, कडक होतो, नाहीतर सरळ उलटतो.

काढलेले सील टाकले नसतील तर ओठाकडे बघा. आणि नवा होज जुन्याच आतल्या मापाचा आहे का?

खडीवाला
सील आहेत. दुसऱ्याचा ओठ एका बाजूने बाहेरच्या अंगाला उलटलाय. मला वाटलं बसवताना माझ्याकडूनच झालं असेल.

होज बाहेरून सारखाच दिसतो. पाऊण इंची जुना होता. तो मिळाला नाही म्हणून अर्धा इंची घेतला, दोन्ही टोकांना अ‍ॅडॉप्टर लावले. दाब नसतो म्हणून काय फरक पडतो असं होज बनवणाराच म्हणाला.

किस्सेबहाद्दर
@अर्धा_इंची, नाव बदला राव.

रबरी_नळी
फरक असा पडतो. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, अर्धा म्हणजे १२.७. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने जातं, म्हणजे तुमची वाट निम्म्याहूनही कमी उरली. वर अ‍ॅडॉप्टरच्या आत आणखी आवळलेलं. सकाळच्या थंड, घट्ट तेलाला तर तिथून जायला जागाच नाही.

जुना_पान्हा
होजवर खापर फोडणं सोपं आहे. पंप आतून झिजला की पोटात तेल जास्त उतरतं, त्यानेही हाच दाब वाढतो. ड्रेनचा होज बादलीत सोडा, मिनिटाला किती लिटर येतं ते मोजा. भराभर आलं की पंप गेला. मी आधीच सांगितलंय.

ग्रीसगन
@जुना_पान्हा, मुद्दा बरोबर, निष्कर्ष घाईचा. चाकं फिरवणाऱ्या या हायड्रोस्टॅटिक पंपांत बऱ्याच ठिकाणी चार्ज पंपाचं, म्हणजे त्यांना तेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचं, जादा तेलही पोटातूनच परत जातं. पंप ठणठणीत असला तरी बादली भरते. नुसत्या बादलीवर पंपाला मृत्यूचा दाखला देऊ नका.

@खडीवाला, नवा सील टाकायच्या आधी दाब मोजायचं गेज लावा. केस पोर्टवर, म्हणजे ड्रेनचा होज जोडतात तिथे, टी आकाराचा जोड घालून शून्य ते १० बारचं. ४०० बारचं लावलंत तर काटा हललेलाही दिसणार नाही. आयडलला एक रीडिंग, तेल गरम झाल्यावर पूर्ण आरपीएमला एक. मग पाऊण इंची होज टाकून परत तीच दोन. चारही इथे लिहा. टाकीचा ब्रीदर (हवा ये-जा करायची जाळी) आणि ऑइल कूलर पण बघा, ड्रेन कूलरमधून जात असेल तर तिथला कचराही हेच करतो.

तेलकट_बोटं
स्लीव्ह चढवली असती तरी नुकसान नव्हतं, एवढंच म्हणतो.

शिकाऊ
जॅक झाला! तेलच कमी होतं. धन्यवाद @अर्धा_इंची.

अर्धा_इंची
बघा. कोणाचं तरी काम झालं माझ्यामुळे.

खडीवाला
गेज लावलं. अर्धा इंची होज: आयडल २, पूर्ण आरपीएम ५.५. मशीन गरम असताना. सकाळी थंडीत सुरू केल्या केल्या काटा ८ वर गेला, लगेच बंद केलं.

पाऊण इंची होज मिळवला, मध्ये अ‍ॅडॉप्टर नाहीत: आयडल ०.५, पूर्ण १.२. कूलर स्वच्छ होता. ब्रीदर मात्र चिखलाने बुजलेला, तो धुतला. सील आज टाकतोय.

ग्रीसगन
सुंदर. पंपात दोष असता तर होज बदलून आकडा एवढा पडला नसता. सील टाकताना: ओठ तेलाच्या बाजूला. शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकाच्या उभ्या दात्यांवर, पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर स्प्लाइनची धार ओठ कापेल. ओठाला तेल लावा. हातोडीने एका कडेला ठोकू नका, सीलच्या मापाची नळी टेकवून सरळ दाबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुरू करायच्या आधी पंपाचं पोट वरच्या पोर्टमधून तेलाने भरा. कोरडा पिस्टन पंप मिनिटभर फिरला तरी जुन्या पान्ह्याचं म्हणणं खरं होईल.

जुना_पान्हा
होईलच कधीतरी.

खडीवाला
टाकला. पोट भरून सुरू केलं. आज सहा तास काम केलं, त्यात बराच वेळ चढावर. हाउसिंगखाली पुठ्ठा ठेवला होता, कोरडा आहे. लोडरच्या हातांचा लॉक सापडला, गंजलेला होता, तेल लावून लावला. उद्या परत बघतो.

ग्रीसगन
बरं झालं. पण टाकीत तेल कुठलं आहे ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.