मदत हवी आहे: नवशिक्याला टेरियर परत बोलवायला कसं शिकवायचं?

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये फेझंट (बंदुकीने शिकार करण्यासाठी पाळलेले पक्षी) पाळणाऱ्या इस्टेटीवर टेरियरसोबत, म्हणजे कोल्ह्याला बिळातून हुसकावणाऱ्या छोट्या कुत्र्यासोबत, काम शिकणाऱ्या मुलांसाठी टिपण करायचंय. कायद्याचा भाग सरळ आहे: 2004 च्या हंटिंग ॲक्टनुसार जमिनीखाली एकच कुत्रा, जमीनमालकाची लेखी परवानगी खिशात, आणि कोल्हा बाहेर येताच तरबेज माणसाने गोळी घालायची. हेतू फक्त शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांचं रक्षण.

बीळ ओळखणंही शिकवता येतं. तोंड उंचीपेक्षा रुंद, बाहेर मातीचा मोठा ढीग, ओढून आणलेलं वाळकं गवत दिसलं की बॅजर (बिळात राहणारा काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी) समजायचा आणि तिथून निघायचं, 1992 च्या कायद्याने ती बिळं संरक्षित आहेत. कोल्ह्याच्या बिळाला उग्र दर्प येतो, तोंडाशी पिसं-हाडं पडलेली असतात.

अडतं ते पुढे. कुत्रा भुंकून कोल्ह्याला हुसकावणारा हवा, भिडणारा नको. भिडला की दोघांचे हाल होतात. एका जागी लयीत चाललेलं भुंकणं (हुसकावणं) आणि दबलेली, तुटक गुरगुर (भिडणं, म्हणजे परत बोलवायची वेळ) यातला फरक नवख्या कानाला कसा पटवता? लोकेटर कॉलर (कुत्र्याच्या गळ्यातला सिग्नल देणारा पट्टा) फक्त जागा आणि खोली सांगते, आत काय चाललंय ते नाही. ताजी बॅटरी आणि आत सोडण्याआधीची चाचणी तर हवीच.

आणि पावसाने भिजलेल्या भुसभुशीत मातीत कुत्रा सोडायचाच नाही, हे मालक घाई करत असताना ठामपणे सांगायला कसं शिकवता? कुत्र्याला बाहेर काढायला खोदायची वेळ कधी ठरवता, तेही लिहा.