मदत हवी आहे: तळघरातल्या तुळस-कढीपत्त्याला ग्रो लाइट किती ताकदीचा आणि किती उंचीवर?

धागाकर्ती:

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात राहतो. उन्हाळाभर डेकवर असलेल्या कुंड्या पहिलं दंव पडायच्या आत घरात घ्याव्या लागतात. तुळशीच्या लग्नाला तुळस टवटवीत असते आणि संक्रांत येईतो नुसत्या काड्या उरतात. कढीपत्ता मरत नाही, पण पानं गाळून मार्चपर्यंत तसाच मुकाट उभा राहतो. यंदा दोन्ही ग्रो लाइटखाली, म्हणजे झाडं वाढवायच्या दिव्याखाली ठेवायचं ठरवलंय. दिवा विकत घेण्याआधी हिशेब पक्का व्हावा म्हणून हा धागा. लांबलाय, पण आकडे दिल्याशिवाय कोणाला नेमकं सांगता येणार नाही.

जागा: तळघरातलं तारेचं रॅक. एक खण १२० × ६० सेंमी, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. फळ्या वर-खाली सरकवता येतात. शेजारी उत्तरेची, जमिनीलगतची खिडकी आहे. तिथे भर दुपारीसुद्धा फोनच्या लक्स अ‍ॅपवर आकडा ८०० लक्सच्या (लक्स हे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) वर जात नाही. दिवसाच्या उजेडाचे लक्स ५४ ने भागले की मायक्रोमोल (झाडाच्या उपयोगाच्या प्रकाशकणांचं माप, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर) मिळतात, म्हणजे जेमतेम १५. त्यामुळे खिडकी मी धरलेलीच नाही.

झाडं: चार तुळशी, साधारण ३० सेंमी उंच. दोन कढीपत्ते, त्यातला एक कुंडीपासून ७५ सेंमीपर्यंत गेलाय. एक मोगरा. फेब्रुवारीअखेर याच खणात मिरची-टोमॅटोची रोपं करायची आहेत.

वाचून जे समजलं ते असं. दिव्यातून दर सेकंदाला झाडाच्या उपयोगाचे जेवढे प्रकाशकण बाहेर पडतात तो पीपीएफ. त्यातले एका चौरस मीटरवर पडतात तो पीपीएफडी. आणि दिवसभराची एकूण कमाई म्हणजे डीएलआय, जो मोलमध्ये मोजतात (दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल). पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६ केलं की डीएलआय येतो.

तुळशीला मी दिवसाला १२ मोल धरलेत, कारण तिच्या जातभाई बेझिलसाठी साधारण तेवढे सांगतात. १४ तास दिवा लावला तर १२ भागिले ०.०५०४, म्हणजे २३८ पीपीएफडी हवा. खण ०.७२ चौ.मी.चा, म्हणजे पानांवर १७१ मायक्रोमोल पोचले पाहिजेत. दिव्यातलं ३० टक्के इकडेतिकडे वाया जातं असं धरलं तर दिवा २४५ च्या आसपास पीपीएफचा लागेल.

समोर दोन पर्याय आहेत.

पहिला, चौकोनी एलईडी पॅनेल. खोक्यावर ठळक '१००० वॉट' आणि '४ बाय ४ फूट' लिहिलंय. मागच्या बारीक अक्षरांत प्रत्यक्ष वीज १०० वॉट आणि पीपीएफ २५० आहे. ४ बाय ४ फूट म्हणजे जवळजवळ दीड चौरस मीटर. एकही कण वाया गेला नाही असं मानलं तरी तिथे सरासरी १६८ पडतील, १४ तासांत साडेआठ मोलही नाहीत. त्यामुळे खोक्यावरचा '४ बाय ४' मी बाजूला ठेवला. पण माझ्या खणाला २५० पुरेल असं दिसतंय.

दुसरा, गॅरेजमध्ये लावतात तसले चार फुटी एलईडी शॉप लाइट. प्रत्येकी ४० वॉट, ४००० ल्युमेन (दिव्याचा एकूण उजेड; चौरस मीटरवर एक ल्युमेन म्हणजे एक लक्स), पांढरा प्रकाश. पांढऱ्या एलईडीला साधारण ७० लक्सला एक मायक्रोमोल धरतात. त्या हिशेबाने दोघांचे मिळून ११४ पीपीएफ. ३० टक्के वजा करून खणात पोचतील १११ पीपीएफडी, म्हणजे १४ तासांत ५.६ मोल.

प्रश्न असे:
१. वाया जाण्याचे ३० टक्के बरोबर आहेत का?
२. पॅनेलचा कोन १२० अंश आहे. ४५ सेंमी उंचीवर त्याचं वर्तुळ दीड मीटरहून मोठं होतं. म्हणजे अख्खा खण झाकला जातो असं समजायचं का?
३. तुळस बुटकी आणि कढीपत्ता उंच. उंची नेमकी कुठून मोजायची?

आगाऊ धन्यवाद.

काचघर:

ताई, मांडणी चांगली आहे, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात. १२० अंशांचं वर्तुळ म्हणजे 'इथवर सारखा उजेड' असं नव्हे. दिव्यातून ज्या दिशेने निघणारा प्रकाश सरळ खालच्या दिशेच्या निम्म्यावर येतो, तिथवरचा तो हा कोन. शिवाय कडेचं पान दिव्यापासून लांब असतं आणि त्यावर प्रकाश तिरका पडतो. हे सगळं धरलं तर वर्तुळाच्या काठावर मधल्याच्या सोळावा हिस्सा उरतो. दिव्याच्या उंचीइतकं बाजूला सरकलात की तिथेच चौथा हिस्सा झालेला असतो.

तुमच्या पॅनेलवर लावून बघा. पीपीएफ २५०, उंची ४५ सेंमी. बरोबर खाली साधारण ३९०. बाजूला ४५ सेंमीवर ९८. खणाच्या टोकाला, म्हणजे ६० सेंमीवर ५०. कोपऱ्यात ४० सुद्धा नाही. पॅनेल बिंदूएवढं नसतं, त्याला पसारा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात उतार थोडा सौम्य असेल. चित्र मात्र हेच. सरासरी काहीही येवो, मधली तुळस तृप्त आणि कोपऱ्यातली उपाशी.

दिवा वर नेला तर? ६० सेंमीवर मध्यभाग ३९० वरून २२० वर येतो आणि टोकाला ५० चे ५५ होतात. मधलं गमावलं, कडेला काही मिळालं नाही, कारण वाढलेला पसारा खणाबाहेर जातो. १२० सेंमी लांब फळीला एक चौकोनी पॅनेल हे जोडपंच चुकीचं. लांब जागेला लांब दिवा हवा.

आता ३० टक्क्यांचं. बाजू उघड्या असतील तर ४५ सेंमीवरच्या पॅनेलचा साधारण निम्माच प्रकाश तुमच्या खणात पडतो. ७० टक्के पोचवायचा तर दोन मार्ग आहेत: दिवा जवळ आणा किंवा बाजूंना पांढरं लावा. पांढरा फोम बोर्ड कुठल्याही डॉलर स्टोअरमध्ये मिळतो. तीन बाजूंना उभा करा, पुढची बाजू पाणी घालायला मोकळी ठेवा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या फंदात पडू नका. ती चुरगळते, ठिपक्याठिपक्यांनी प्रकाश फेकते आणि साधा पांढरा बोर्ड काम चोख करतो.

मुंबईकर_बाल्कनी:

काचघर यांनी उताराचं सांगितलं, मी ट्यूबचं सांगतो. माझ्याकडे बंद बाल्कनीत साध्या वीस वॉटच्या पट्ट्यांखाली आफ्रिकन व्हायोलेट वर्षभर फुलतात. कमी उजेडावर भागणारं झाड आहे ते, तुळशीची भूक वेगळी.

'अंतर दुप्पट तर उजेड चौथाई' हा नियम सगळे घोकतात, पण तो छोट्या दिव्याला लागू. लांब ट्यूबच्या जवळ असताना अंतर दुप्पट केलं तर उजेड साधारण निम्मा होतो. दोन-तीन ट्यूब शेजारी-शेजारी असतील तर त्याहूनही हळू उतरतो. म्हणून ट्यूब पानांच्या वीस-तीस सेंमीवर आणता येतात आणि टोकापासून टोकापर्यंत बऱ्यापैकी सारखा उजेड मिळतो. तुमच्या शॉप लाइटला मी नाव ठेवणार नाही, फक्त दोन कमी पडतील. चार लावले तर तुमच्याच हिशेबाने ११ मोलच्या वर जाता. विजेचं बघा: १६० वॉट, १४ तास, दिवसाला सव्वादोन युनिट. तोच उजेड चांगल्या ग्रो लाइटमधून १०० वॉटमध्ये, १.४ युनिटमध्ये मिळतो. एका हिवाळ्यात हा फरक जाणवतो.

म्हणून तिसरा पर्याय: चार फुटी ग्रो बार, पांढऱ्या प्रकाशाचे, प्रत्येकी ५० वॉट. एका वॉटला अडीच मायक्रोमोल देणारे शोधा. दोन घेतले की २५० पीपीएफ झाला, आणि तोही फळीभर पसरलेला.

जांभळट-गुलाबी दिवे घेऊ नका. झाडं त्याखाली वाढतात, पण पान पिवळं पडलंय की कीड लागलीय ते डोळ्यांना दिसत नाही. आणि लक्स मीटर त्याखाली निरुपयोगी. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, हिरव्या-पिवळ्याला जास्त मोजतं आणि लाल-निळ्याला कमी.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. टोकाला ५० चे ५५ हे वाचून पॅनेलचा विचार सोडला. बार बघते.

उंचीचा प्रश्न अजून राहिलाय. आणि फोनच्या लक्सवर कितपत विसंबू?

काचघर:

उंची नेहमी दिव्यापासून झाडाच्या शेंड्यापर्यंत मोजायची. कुंडीपासून किंवा फळीपासून मोजून उपयोग नाही. आणि झाड वाढलं की पुन्हा मोजायची.

तुमचा मोठा कढीपत्ता ७५ सेंमी आणि तुळस ३०. दिवा कढीपत्त्याच्या ३५ सेंमी वर टांगला तर तुळशीपासून तो ८० सेंमीवर जातो, मग तिला काय मिळणार? शेंडे एका पातळीत आणा. तुळशीच्या कुंड्या दुधाच्या क्रेटवर किंवा उपड्या कुंड्यांवर चढवा, कढीपत्ता खाली फळीवर. तरी जमत नसेल तर मोठा कढीपत्ता रॅकच्या बाहेर जमिनीवर ठेवून त्याला एक स्वतंत्र दिवा द्या. त्याची खालची पानं गळली तरी घाबरू नका. वरून येणारा प्रकाश खालपर्यंत पोचेतो क्षीण होतो, शिवाय वरची पानं तो आधीच खातात. फेब्रुवारीअखेर नवी फूट दिसू लागली की शेंडा छाटा, म्हणजे झाड बुटकं आणि डेरेदार होईल.

अगदी जवळ नेऊ नका. शेंड्याची कोवळी पानं आधी फिकी, मग पांढुरकी होऊ लागली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर दिवा दहा सेंमी वर घ्या. उलट दोन पानांमधलं अंतर वाढत चाललं, देठ लांब आणि खोड लुळं झालं, तर उजेड कमी पडतोय.

फोनचा आकडा बऱ्यापैकी चुकू शकतो, पण एकाच फोनने घेतलेल्या दोन जागांची तुलना भरवशाची असते. सेन्सर स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो. फोन शेंड्याच्या पातळीवर आडवा धरा, स्क्रीन वर, आणि तुमच्या डोक्याची सावली पडू देऊ नका. खणात नऊ ठिकाणी मोजा: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि बरोबर मध्यभाग. पांढऱ्या एलईडीखाली ७० ने भागा. २३८ हवेत, म्हणजे साडेसोळा हजार लक्सच्या आसपास दिसायला पाहिजे.

तुळशीवृंदावन:

मी ओटावाला आहे, दरवर्षी हेच करते. गणितात न येणाऱ्या दोन गोष्टी सांगते.

तळघरात गारठा किती? कढीपत्त्याची मुळं गार राहिली तर वरून कितीही उजेड दे, तो हलत नाही. कुंडी थेट सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नकोस, खाली लाकडी पाट किंवा थर्माकोल घाल. रोपांसाठी मिळते ती हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) कढीपत्त्याखाली घातली तर उत्तम. पाणी बोट घालून बघितल्याशिवाय देऊ नकोस. गार मातीत रोज पाणी गेलं की मुळं कुजतात आणि आपण दोष दिव्याला देतो.

दुसरं, टायमर लाव. आणि आपल्या ऑन्टॅरिओ प्रांतात तुला वेळेप्रमाणे विजेचे दर असतील तर दिवा संध्याकाळी ७ ला लागून सकाळी ९ ला बंद होऊ दे. ७ ते ७ स्वस्त वीज असते, त्यात १२ तास बसतात. तळघरातल्या झाडाला आपली रात्र कोणती ते कळत नाही. त्याला फक्त रोजचा सलग अंधार हवा, शेजारची खिडकी दिवसा झाकलीस तर तो १० तासांचा मिळतो. आजूबाजूला पालकाची कुंडी लावणार असशील तर मात्र १४ तास देऊ नकोस. दिवस मोठा झाला की पालक तुऱ्यावर येतो.

धागाकर्ती:

दोन ५० वॉटचे पांढरे बार आणले. शेंड्यांपासून ३५ सेंमीवर टांगलेत, एकमेकांपासून ३० सेंमी अंतर ठेवून. तीन बाजूंना फोम बोर्ड उभे केलेत, तुळशी क्रेटवर चढवल्यात, मोठा कढीपत्ता थेट फळीवर आहे. नऊ ठिकाणी मोजलं. मध्यभागी २०,००० लक्स, दोन्ही टोकांना साधारण १४,०००, कोपऱ्यांत १०,५००. सत्तरने भागून २८६, २०० आणि १५०. १४ तासांचे मोल काढले तर १४.४, १० आणि साडेसात.

फोम बोर्ड काढून कोपरा पुन्हा मोजला तेव्हा आकडा ७,००० च्याही खाली घसरला. कोपऱ्याचा तिसरा हिस्सा त्या साध्या बोर्डातून येतोय! ते लगेच परत लावले.

त्यानुसार जागा अशा ठरवल्या: मध्यभागी दोन्ही कढीपत्ते, त्यांच्या दोन्ही अंगांना तुळशी, मोगरा कोपऱ्यात, कारण त्याला हिवाळ्यात फुलवायचा नाही, नुसता जगवायचा आहे. टायमर संध्याकाळी ७ ते सकाळी ९.

@तुळशीवृंदावन, तळघर १७ अंशांवर असतं. हीट मॅट दिवा चालू असतानाच लावू की २४ तास?

तुळशीवृंदावन:

१७ म्हणजे गारच. मॅट २४ तास चालू दे, पण थर्मोस्टॅटवर, आणि त्याची तापमान मोजणारी काडी मातीत खोच. २२ ला ठेव. मॅट तापली की माती खालून वाळते आणि वरून ओली दिसते, तेव्हा बोट खोल घालूनच बघ. मोगऱ्याला मॅट नको, त्याला थंडीत तसंच राहू दे.