मदत हवी आहे : वावरातले पाणी शिरल्यावर मत्स्यजिरे आणि बेडूकमासे मेले, बोटुकली वाचली, कारण कसे निश्चित करावे?

नमस्कार. भोर तालुक्यात माझे पाच गुंठ्यांचे, सुमारे एक मीटर खोलीचे संगोपन तळे आहे आणि यंदा प्रथमच मी त्यात रोहूचे मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, वाढवायला घेतले. जंगली मासे मारण्यासाठी आधी 125 किलो मोहाची पेंड टाकली. तिच्यातल्या सॅपोनिनचा, म्हणजे माशांना मारणाऱ्या द्रव्याचा, असर उतरायला पंधरा ते वीस दिवस द्यावे लागतात हे ठाऊक असूनही, जिऱ्याची गाडी दारात आल्यामुळे मी तेराव्या दिवशीच दीड लाख जिरे सोडले. हा उतावळेपणा माझाच. तरीही पहिले तीन दिवस जिरे काठाने व्यवस्थित फिरत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जोराची सर आली आणि वरच्या वांग्याच्या वावरातले पाणी बांध फोडून तळ्यात शिरले. सकाळी जिरे काठाला पांढऱ्या सायीसारखे जमलेले दिसले. तेच पाणी शेजारच्या खड्ड्यातही गेले होते, परंतु तिथली गेल्या हंगामातली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, बावचळल्यासारखी फिरत असली तरी एकही मेली नाही. तळ्याच्या काठचे बेडूकमासे कुशीवर पडले होते. काडीने शिवले की गरगर फिरत आणि पुन्हा आडवे होत. दुपारपर्यंत तेही संपले.

वावरात आदल्या दिवशी फवारणी झाली होती. शेजाऱ्यांनी आढेवेढे न घेता बाटली दाखवली. तिच्यावर क्लोरपायरीफॉस 50 टक्के आणि सायपरमेथ्रिन 5 टक्के असे दोन कीटकनाशकांचे मिश्रण लिहिलेले आहे. सायपरमेथ्रिन माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही मारक ठरते, कारण त्याचे विघटन करण्याची त्यांच्या यकृताची क्षमता मुळातच कमी असते. जिऱ्यांचे कल्ले आणि यकृत पुरते तयार झालेले नसते, शिवाय वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पाण्याशी येणारा संपर्कही मोठा असतो. बोटुकली वाचण्याचे कारण हेच असावे, असे मला वाटते.

गढूळ पाण्यामुळे ऑक्सिजन संपला असता, तर मोठे मासे आधी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले असते. पेंडीचा दोष असता, तर जिरे पहिल्याच दिवशी गेले असते. शिवाय पाणकिडे, ज्यांना पेंडीने सहसा काही होत नाही, तेही मरून तरंगत होते, आणि पूर्वी 50 लिटर पाणी गाळल्यावर दीड मिली प्लवंग (जिऱ्यांचे खाद्य असलेले पाण्यातले सूक्ष्म जीव) मिळत असे, तेथे आता फडक्यावर केवळ गाळ राहतो.

जाणकारांना माझे विचारणे असे. माझ्या तर्कात काही सुटले आहे का? सायपरमेथ्रिन गाळाला आणि प्लॅस्टिकलाही चिकटते, म्हणून मी काचेच्या बाटलीत पाणी आणि वेगळ्या बरणीत तळाचा चिखल भरून थंड जागी ठेवला आहे. त्यांपैकी प्रयोगशाळेकडे काय पाठवावे, की दोन्ही? नवे जिरे घेण्यापूर्वी तीन घमेल्यांत तळ्याचे पाणी, निम्मे विहिरीचे मिसळलेले आणि नुसते विहिरीचे असे ठेवून प्रत्येकी वीस जिरे सोडण्याचा विचार आहे. 24 तासांची चाचणी पुरेल, की विषारीपणाच्या प्रमाणित चाचणीप्रमाणे 96 तास थांबावे? जिरे इतके तास उपाशी ठेवले तर भुकेने मेलेले आणि विषाने मेलेले कसे ओळखायचे, हेही मला उमगलेले नाही. पुढची गाडी नऊ दिवसांनी येणार असून नोंदणी रद्द करायची असल्यास परवापर्यंत कळवावे लागेल.