ग्लोव्हज घातले म्हणजे झालं?
हॉस्पिटलमधल्या स्वच्छतेवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, "ग्लोव्हज असले की हात धुवायची गरज नाही". हे अजिबात पटलं नाही. ग्लोव्हज काढताना मनगटाला घाण लागतेच. आणि रात्रपाळीला आयसीयूत मी काय पाहिलंय? त्याच ग्लोव्हजनी युरिन बॅग रिकामी केली, पडदा सरकवला, मॉनिटरचा अलार्म बंद केला आणि लगेच सलाइनच्या पोर्टला (नळीत औषध सोडायच्या तोंडाला) हात!

सॅनिटायझरबद्दल मात्र या चर्चेत कुणीच बोललं नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा अँटिबायोटिक्स घेणाऱ्यांना जुलाब घडवणारा जिवाणू; त्याचे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत. त्यामुळे अँटिबायोटिक्स चालू असलेल्या पेशंटला जुलाब लागले की आम्ही सरळ बेसिन गाठतो. साबणानेही ते मरत नाहीत म्हणा, पण चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले की निघून जातात. नळ बंद करायचा तो कोपराने, नाहीतर टिश्यूने.