शब्दचर्चा: उपग्रहाचं ‘छायाचित्र’ की ‘उपग्रहचित्र’?

तासगावहून प्रश्न

मार्चअखेरीची गोष्ट. बेदाणा रॅकवर वाळत होता. रात्री नऊच्या सुमारास भावानं मोबाइलवर उपग्रहाचं छायाचित्र दाखवलं. आटपाडीच्या बाजूला लालभडक डाग होता. लाल म्हणजे उष्णता, उद्या ऊन तापणार असं समजून मी शेडचे कागद सोडले नाहीत. मध्यरात्री वळीव कोसळला आणि दोन रॅकचा माल भिजून काळा पडला. तेव्हापासून तीन गोष्टी डोक्यात घोळतायत. अंधारात छायाचित्र निघतं कसं? त्यातला लाल म्हणजे नक्की काय? आणि कोपऱ्यात ‘अवरक्त’ लिहिलं होतं, त्यात रक्त कुठून आलं?

साताऱ्याहून उत्तर

दादा, वर्षाचं पीक असं भिजलेलं वाचून फार वाईट वाटलं. तुमची चूक म्हणण्यापेक्षा शब्दानंच तुम्हाला फसवलं असं मी म्हणेन.

‘छायाचित्र’ म्हटलं की कॅमेरा आणि उजेड डोळ्यांपुढे येतो. दिवसाचं दृश्य प्रकाशातलं चित्र बरंचसं तसंच असतं: सूर्याचा उजेड ढगावर पडून परततो आणि उपग्रह तो टिपतो. सूर्य मावळला की हे चित्र काळं. रात्री तुम्ही पाहिलात तो तापमानाचा नकाशा. जमीन, समुद्र, ढग सगळेच अंगातली ऊब किरणांच्या रूपात बाहेर टाकतात, ती उपग्रह मोजतो. चुलीला हात न लावता तिची धग कळते ना, तसं. अशा लांबून जाणण्याला ‘दूरसंवेदन’ म्हणतात, आणि हा शब्द मला म्हणूनच आवडतो. हिंदीतल्या ‘सुदूर संवेदन’मधलं ‘सुदूर’ इथे आणायची गरज नाही.

आता अवरक्त. इथे रक्त म्हणजे लाल रंग, जसा ‘आरक्त’मध्ये आहे. ‘अव’ म्हणजे खाली, ‘अवतरणे’मधला. लाल रंगापेक्षा कमी वारंवारतेचे, म्हणून अवरक्त. ‘अवकाळी’तला ‘अव’ वेगळा, तो वाईट किंवा भलत्या वेळेचा. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, लालच्या पलीकडे जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे थर्मामीटर ठेवला, आणि पारा चढला. हे किरण सापडले तेच उष्णतेच्या मागावर.

राहिला लाल डाग. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड. वळवाच्या ढगाचा माथा उणे ६० अंशांच्याही खाली जातो. साध्या अवरक्त चित्रात थंड ते पांढरं दाखवायची रीत आहे. रंगीत चित्रात त्यावर रंग चढवतात, आणि तुमच्या चित्रात सर्वांत थंड माथ्याला लाल दिला होता. म्हणजे ती उष्णता नव्हती, कडाक्याची थंडी होती. हे रंग माणसानं ठरवलेले असतात, प्रत्येक चित्राची रंगपट्टी निराळी, म्हणून आधी कडेची पट्टी वाचायची. म्हणूनच मी ‘उपग्रहचित्र’ म्हणतो. चित्र काढलेलं असतं, हे त्या शब्दात आहे.

एक सावधगिरी: पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघही उंच आणि थंड असतात, पण त्यांतून पाऊस पडत नाही. दिवसा दृश्य आणि अवरक्त अशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. दोन्हींत ठळक पांढरा दिसतो तो जाडजूड, भरलेला ढग.

सांगलीहून

रडारचं चित्र यात कुठे बसतं? २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, आभाळ दिवसेंदिवस उघडत नव्हतं, तरी पुराचे उपग्रह नकाशे निघत होते.

साताऱ्याहून

ताई, रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत येणाऱ्या टिपतो. अंधारात बॅटरी मारून पाहावं तसं. या लहरी ढगातून आरपार जातात. संथ पाण्यावरून त्या दुसरीकडे निसटतात, म्हणून पुराचं पाणी काळंशार दिसतं. इथे तर ‘छायाचित्र’ अजिबातच चालत नाही.

वाईहून

‘भूस्थिर’ शब्दाबद्दल. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) हे भारताचे हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, सेकंदाला तीन किलोमीटर वेगानं पळत असतात. पृथ्वीबरोबर फिरतात म्हणून आपल्याला स्थिर. शब्द बरोबर आहे, फक्त ‘भू’च्या मानानं स्थिर असा वाचावा.

माझा प्रश्न: मळभ रात्रीच्या चित्रात दिसतं का? आमच्याकडे सकाळी आभाळ झाकोळलेलं असतं आणि चित्र मोकळं.

साताऱ्याहून

दिसतं, पण पुसट. मळभाचा ढग बुटका, त्याचा माथा जमिनीइतकाच उबदार, त्यामुळे अवरक्त चित्रात तो जमिनीच्या राखाडी रंगात मिसळून जातो. उजाडल्यावर दृश्य चित्र उघडा, तोच पांढरा दिसेल. वळीव आणि मळभ हा फरक आपल्या बोलीनं खालून बघून केला, उपग्रह तोच वरून तापमानानं करतो. धुईचंही तसंच, ती एकट्या उष्णतेच्या चित्रात सापडत नाही. रात्री दोन वेगळ्या तरंगलांबींच्या अवरक्त चित्रांतला फरक काढून ती ओळखतात.