मदत हवी आहे: थेमिस्टोक्लीसला इराणच्या राजाने आसरा का दिला असेल?

नमस्कार मंडळी. ग्रीक-इराणी युद्धांबद्दल वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय.

इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या चिंचोळ्या खाडीत इराणचा राजा झर्क्सीस याच्या आरमाराची दाणादाण उडवणारा अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस. पुढे दहाएक वर्षांत अथेन्सनेच त्याला हद्दपार केलं. कुणाला हद्दपार करायचं हे तिथले लोक खापरावर नाव कोरून, मत देऊन ठरवत; त्याचं नाव कोरलेली अशी खापरं आजही आहेत. एका विहिरीत तर दीडशेहून जास्त सापडली, तीही मोजक्याच हातांनी लिहिलेली. विरोधकांनी आधीच तयार करून ठेवली असणार, मला तरी तसंच वाटतं.

मग हा गडी थेट शत्रूच्याच दारात! ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसच्या मते झर्क्सीसच्या मुलाने, अर्तक्सर्क्सीसने, त्याला मॅग्नेशिया शहर भाकरीसाठी तोडून दिलं आणि लाम्प्साकस वाइनसाठी. मॅग्नेशियात त्याने स्वतःच्या नावाची चांदीची नाणीही पाडली.

निव्वळ फितुरी म्हणून हे सोडून द्यावंसं वाटत नाही. झर्क्सीसच्या आधीचा राजा दरायस याच्या सूसा इथल्या राजवाड्यावर आयोनियाचे (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे) ग्रीक पाथरवट राबले होते, म्हणजे जाणं-येणं जुनंच. पण बापाचा पराभव करणाऱ्याला पोसण्यात राजाचा हिशोब काय असेल? इराणी दरबाराच्या बाजूने हे समजावणारं काही वाचलं असेल तर कृपया सुचवा. मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं.